पायी चालणाऱ्याने चालावे कोठे?

धुळे शहराइतके सरळ रस्ते खानदेशात दुसऱ्या गावास क्वचितच लाभले असतील. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने मुंबई-आग्रा मार्गावरील हे लहानसे गाव जिल्ह्याचे ठाणे म्हणून पसंत केले, सरकारी कचेऱ्या उठविल्या, बाहेरच्या व्यापाऱ्यांस घरांकरिता जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे बांधावीत म्हणून आगाऊ रकमाही दिल्या. पुढे वाढलेल्या वस्तीच्या त्या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही नकाशावर आखीव रेघांसारख्या दिसतात. नकाशावर दिसतात खऱ्या, पण पायी निघालेल्या मनुष्याच्या पायांस त्या सापडत नाहीत, हीच आमची तक्रार आहे.

ज्यास हे अतिशयोक्तीचे वाटेल त्याने सायंकाळी पाचकंदिलापासून आग्रा रोडने शंभर पावले चालून पाहावे. ज्या चौकाच्या नावातच दिवे आहेत, तेथे पाय कोठे टाकावा हे दिसू नये, ही गोष्ट मोठी विनोदी आहे. पण हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन निघालेल्या बाईस त्या विनोदाचे हसू येणार नाही. कोठे भाजीची हातगाडी, कोठे दुकानाबाहेर मांडलेल्या चपलांच्या राशी, कोठे दुचाक्यांची रांग, कोठे विजेची डी.पी., कोठे झाकण गेलेले गटार. हे सर्व चुकवीत ती रस्त्यावर उतरते, आणि मागून येणारा रिक्षावाला तिलाच विचारतो, ‘बाई, दिसत नाही का?’

आता या रोगावर आपल्याकडे ठरलेला उपाय एकच. एके दिवशी सकाळी पालिकेची गाडी येते, हातगाड्या उचलल्या जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘रस्त्याने घेतला मोकळा श्वास’ असा मथळा झळकतो आणि तिसऱ्या दिवशी गाड्या होत्या तेथे उभ्या राहतात. आमचा या मोहिमांस विरोध नाही. पण त्यांचा क्रम उलटा आहे, असे आम्हांस स्पष्ट सांगावयाचे आहे. हातगाडीवाला निदान रात्री घरी जातो. दुकानदाराने पदपथावर बांधलेल्या पायऱ्या व पुढे ओढलेले पत्रे रात्रीही जात नाहीत. आणि पदपथाच्या बरोबर मधोमध पुरलेला खांब, फरसबंदीपेक्षा वीतभर उंच ठेवलेले गटाराचे चेंबर, शुभेच्छांच्या फलकाकरिता उभारलेली लोखंडी चौकट, ही तर वर्षानुवर्षे हलत नाहीत. ती ज्यांनी उभारली किंवा उभारू दिली, त्यांच्यावर मोहीम निघाल्याचे कोणी ऐकले आहे काय? पदपथावरील पहिले अतिक्रमण सार्वजनिक कामांचे आहे. दुकानदार तेथून धडा घेतो आणि हातगाडीवाला उरलेल्या जागेत शिरतो.

गरीब विक्रेत्याचा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडविण्यास घेतला आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्यांचे सर्वेक्षण, त्यांस प्रमाणपत्रे आणि त्यांच्याकरिता जागा या गोष्टी सांगितल्या. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडून आलेले असावेत, असे ठरविले. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणास उठवू नये, हेही त्यातच आहे. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, असे त्याचे प्रमाण. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे धुळ्याची वस्ती ३ लाख ७५ हजारांवर होती आणि जळगावची ४ लाख ६० हजारांवर. म्हणजे हिशेबाने धुळ्यात नऊ हजारांहून अधिक व जळगावात साडेअकरा हजार विक्रेत्यांची सोय विचारात घ्यावी लागते. इतक्या मंडळींची जागा गाडीत माल भरून ठरत नसते. ती रस्त्यावर टेप धरून, पांढरे पट्टे ओढून ठरवावी लागते.

जळगावची कथा थोडी निराळी. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हा हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. पुढे गाव महामार्गाच्या दोन्ही बाजूंस पसरले. परिणामी शाळेस, कचेरीस वा बाजारास जाणाऱ्या माणसास मालमोटारींच्याच वाटेने जावे लागू लागले. किती घरांतील माणसे त्या वाटेवर गेली, हे जळगावकरांस आम्ही सांगावयास नको. समांतर रस्त्यांकरिता नागरिकांस आंदोलन करावे लागले. जो रस्ता आखतानाच चालणाऱ्याची आठवण व्हावयास हवी होती, त्याच्याकरिता माणसे मेल्यावर मोर्चा काढावा लागावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? आणि त्याच शहरात पालिकेची सतरा मजल्यांची इमारत दिमाखाने उभी आहे. सतराव्या मजल्यावरून फुले मार्केटकडे पाहिले तर खालचा पदपथ मोकळा आहे की भरलेला, हे बहुधा कळत नसावे.

पैसा नाही, असे कोणी म्हणेल. पण आमचे म्हणणे पैसा पुरेसा खर्च होत नाही असे नसून तो उलटा खर्च होतो असे आहे. जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढतो, रस्ता उंच होतो, पावसाचे पाणी दुकानांत शिरते. मग पदपथ त्याहूनही उंच करतात आणि त्यावर चढण्यास म्हाताऱ्याला आधार धरावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसचे नियम सांगतात की, पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. हे नियम पाळण्यास अधिक सिमेंट लागत नाही. कित्येकदा कमीच लागते. लिंबाच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक आवळून वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती सावलीही मारण्याचे कारण तर आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात मोडतो, असे म्हटले आणि पदपथ अपंगांसही वापरता येतील असे असावेत, अडथळ्यांतून मुक्त असावेत, असे राज्यांस बजावले. तेव्हा चालणाऱ्यास जागा देणे ही पालिकेची मेहरबानी आता उरलेली नाही.

दोन्ही शहरांच्या अधिकाऱ्यांस आमची सूचना लहान आहे. धुळ्यात एक गल्ली आणि जळगावात एक पेठ निवडावी. आयुक्त, अभियंता, विजेच्या खात्याचा माणूस, पथविक्रेत्यांचा प्रतिनिधी आणि एक काठी टेकणारे आजोबा यांनी मोटारी घरी ठेवून ती एकदा पायी चालावी. आजोबांना जेथे जेथे रस्त्यावर उतरावे लागेल, तेथे खडूने खूण करावी, आणि त्या खुणेवर काय उभे आहे, ते कोणाच्या परवानगीने उभे आहे, हे नोंदवून ती यादी पालिकेच्या दारावर लावावी. हटविण्याचे काम त्या यादीतील सरकारी वस्तूंपासून सुरू करावे.