रुग्ण भामरागडला, डॉक्टर नागपूरला

हृदयाच्या ठोक्यांचा आलेख तारेवरून दूर पाठविण्याचा प्रयोग १९०५ सालीच झाला होता, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्टहोवेन या शास्त्रज्ञाने हृदयातील सूक्ष्म विद्युत्‌ बदल टिपणारे तंतू-गॅल्व्हानोमीटर बनविले होते. त्याचे वजन सुमारे २७० किलोग्रॅम होते. ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणेही बरे नव्हते. म्हणून आइन्टहोवेनने दीड किलोमीटरवरील रुग्णालय दूरध्वनीच्या तारेने प्रयोगशाळेला जोडून घेतले. रुग्ण तिकडे आणि त्याच्या हृदयाचा आलेख इकडे! हृदयालेखावरील कार्यासाठी त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज हे यंत्र किती लहान झाले आहे पाहा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे ईसीजी यंत्र तयार केले आहे. ते मोबाइल फोनला बिनतारी जोडता येते आणि आलेख दूरच्या डॉक्टरांकडे पाठविता येतो. मात्र यात एक नवीच अडचण उभी राहते. आइन्टहोवेनने तारेची सारी जोडणी स्वतःच करून घेतली होती. आता मोजणारे यंत्र एका कारखान्याचे, फोन दुसऱ्याचा आणि रुग्णालयातील संगणक तिसऱ्याचा असतो. मग एकाने पाठविलेला आकडा दुसऱ्याला समजावा कसा?

नुसता ९८ काय सांगतो?

नागपूरहून गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर आहे आणि भामरागड त्याच्याही बरेच पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविता येत नाही. पण त्याच्या शरीराची मोजमापे नदी ओलांडू शकतात. समजा, नागपूरच्या डॉक्टरांसमोरील पडद्यावर आकडा उमटला : ९८.

हा आकडा कशाचा? रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण असेल, तर उत्तम. प्रौढ माणसाच्या नाडीचे मिनिटाला ठोके असतील, तर ६० ते १०० या नेहमीच्या मर्यादेत, पण वरच्या टोकाजवळ. रक्तदाबाचा खालचा आकडा असेल, तर दाब वाढलेला आहे. फॅरनहाइट अंशांत ताप असेल, तर ताप नाहीच. आणि कोणी त्यालाच सेल्सियस समजले, तर रुग्ण जवळजवळ उकळत्या पाण्याइतका तापला आहे असा अर्थ निघेल!

शेवटच्या उदाहरणाला हसू नका. १९९९ साली अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. कारण एका गटाने आकडे पौंड-बलाच्या एककात दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनमधील समजून वापरले होते.

आणखी दोन प्रश्न उरतात. आकडा कोणाचा, आणि कधीचा? पुरात दूरध्वनीचे जाळे बंद पडले, तर दुपारी दोनला घेतलेले माप रात्री आठला पोहोचेल. डॉक्टरांनी ते आत्ताचे समजून औषध सांगितले तर काय होईल, याचा विचार करा.

संदेशाचा ठराव

यावर उपाय म्हणजे सर्वांनी आधीच ठरवून घेतलेली संदेशाची रचना. तिला मानक म्हणतात. १९८७ साली अमेरिकेत ‘एचएल-सेव्हन’ नावाची संस्था स्थापन झाली व तिने असे मानक तयार केले. त्यात संदेशाच्या ओळी ठरलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीतील रकाने उभ्या रेघांनी वेगळे केलेले असतात. पहिल्या ओळीत संदेश कोणी, कोणाला व केव्हा पाठविला ते असते. दुसऱ्या एका ओळीत रुग्णाची ओळख असते. मोजमापाची ओळ मराठीत लिहिली, तर साधारण अशी दिसेल :

निरीक्षण | १ | संख्या | ८८६७-४ ^ हृदयगती | | ९८ | दर मिनिटाला | ६०-१००

मधला एक रकाना रिकामा आहे, हे तुमच्या लक्षात आले का? सांगण्यासारखे काही नसले तरी जागा सोडावीच लागते. नाहीतर पुढचे सारे आकडे एकेक घर सरकतील. याच ओळीत पुढे माप केव्हा घेतले ती वेळ येते. म्हणजे संदेश निघाल्याची वेळ आणि मोजमापाची वेळ यांना वेगवेगळ्या जागा आहेत. संदेश पोहोचला की पलीकडचा संगणक पोच देतो : ‘मिळाला’ किंवा ‘चूक आहे’. रजिस्टर पत्राची पोचपावती असे, तसेच हे.

आकड्याचा पिनकोड

वरच्या ओळीतील ८८६७-४ हा काय प्रकार आहे? त्यासाठी पिनकोड आठवा. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या निरनिराळ्या लिप्या यांमुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९७२ साली, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, पिनकोड सुरू झाला. पत्ता कोणत्याही लिपीत लिहा, ४४०००१ म्हटले की पत्र नागपुरातच येते. त्याचप्रमाणे मोजमापांना क्रमांक देणारी ‘लॉइंक’ ही पद्धत अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. कोणी ‘नाडी’ म्हणो, कोणी ‘हार्ट रेट’, हृदयगतीचा क्रमांक ८८६७-४ हाच.

मानकाने कामही वाचते. दहा प्रकारची यंत्रे आणि सहा रुग्णालयांचे संगणक, प्रत्येकाची भाषा निराळी असेल, तर १० × ६ म्हणजे ६० दुभाषे लागतील. सर्वांनी एकच सामाईक भाषा मानली, तर प्रत्येकाला एक, म्हणजे १० + ६ = १६ पुरतात. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली आरोग्य-नोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये एचएल-सेव्हनचेच ‘फायर’ हे नवे मानक वापरतात.

मानकाची मर्यादाही ध्यानात ठेवा. रक्तदाबाचा पट्टा सैल बांधला किंवा गारठलेल्या बोटाला प्राणवायूमापी लावला, तर चुकीचे माप तितक्याच इमानाने नागपूरला जाईल. रुग्णापाशी नीट मोजणारी परिचारिका हवीच.

करून पाहा

लॉइंक क्रमांकातील आडव्या रेघेनंतरचा अंक चूक पकडण्यासाठी असतो. ८८६७ घ्या. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा : ७ चे १४, ८ चे १६. दोन अंकी उत्तराच्या अंकांची बेरीज घ्या : ५ आणि ७. मधले ६ आणि ८ तसेच ठेवा. एकूण ५ + ६ + ७ + ८ = २६. पुढच्या पूर्ण दशकापर्यंत, म्हणजे ३० पर्यंत, ४ कमी पडतात. तोच शेवटचा अंक. कोणी घाईत ८८७६-४ लिहिले, तर बेरीज २५ येईल, ५ कमी पडतील आणि संगणक चूक ओळखेल.

आता शरीराच्या तापमानाचा ८३१०-५ आणि प्राणवायूचा ५९४०८-५ हे क्रमांक याच रीतीने तपासा. नंतर मित्राला एखाद्या क्रमांकातील एक अंक गुपचूप बदलायला सांगा आणि तुम्हांला तो पकडता येतो का ते पाहा.