विश्लेषण : शाळेत सगळे मिळून गातात, मग सूर एक का लागत नाही? दोष मुलांच्या गळ्याचा की पट्टीचा?

पिंपरीतल्या एखाद्या माध्यमिक शाळेचा सकाळचा परिपाठ डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रगीत सुरू होतं. सुरुवात ठीक जाते. शेवटच्या जयघोषाला चाल वर चढते आणि आठवी-नववीच्या रांगांमधून आवाज गळायला लागतात. काही मुलं ओरडतात, काही एकदम खाली येतात, काही नुसते ओठ हलवतात. कुणाचा तरी आवाज चिरकतो आणि आजूबाजूचे हसतात.

अशा मुलाबद्दल एक निकाल लगेच लागतो : ‘याला सूर नाही.’ स्नेहसंमेलनाच्या गाण्यातून त्याचं नाव जातं किंवा ‘तू मागे उभा राहा, आवाज काढू नकोस’ असं सांगितलं जातं. चौदाव्या वर्षी हे ऐकलेली अनेक माणसं पुढे आयुष्यभर ‘मला गाता येत नाही’ असंच सांगतात.

पण बऱ्याचदा अडचण मुलाच्या कानात नसते. ती गाणं कुठल्या पट्टीत धरलं आहे, यात असते.

समूहगान म्हणजे नेमकं काय?

शंभर मुलांनी एकाच वेळी गाणं म्हटलं की समूहगान होत नाही. त्यासाठी तीन गोष्टी शिकाव्या लागतात : सगळ्यांनी एकच आधारस्वर धरणं, एकाच पद्धतीने शब्द उच्चारणं आणि गाताना दुसऱ्याचं ऐकणं.

जगभरच्या गायकवृंदांत एक साधा नियम सांगितला जातो. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर आपला आवाज जास्त मोठा आहे. शाळेत मात्र अनेकदा उलटी सूचना मिळते : ‘मोठ्याने म्हणा!’ मोठ्याने म्हणण्याच्या नादात गळा ताणला जातो, ऐकणं थांबतं आणि सूर सुटतो.

पाश्चात्त्य गायकवृंदात उंच-खालच्या आवाजांचे गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून पोर्तुगीज काळापासून हे शिक्षण दिलं जात होतं. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मात्र सगळे एकच चाल गातात. ऐकायला हे सोपं वाटतं. पण माध्यमिक शाळेत तेच अवघड होऊन बसतं, कारण तिथे सगळ्यांचे आवाज एका जागी नसतात.

आठवी-नववीत आवाजाचं काय होतं?

साधारण १२ ते १५ या वयात मुलांचा ‘आवाज फुटतो’. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तार जितकी लांब आणि जाड, तितका स्वर खाली. मुलांचा आवाज या काळात साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. काही काळ तो हवा मिसळल्यासारखा, फुसका येतो.

हा बदल एका रात्रीत होत नाही. अमेरिकी संशोधक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात मुलांच्या आवाजातल्या बदलाचे टप्पे मांडले. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, या काळात आवाज नुसता खाली जात नाही, त्याचा पल्लाही आखडतो. काही महिने मुलाकडे जेमतेम एका सप्तकाएवढेच स्वर उरतात, आणि तेही जागा बदलत राहतात. जूनमध्ये लागणारा स्वर दिवाळीनंतर लागेलच असं नाही.

म्हणजे नववीच्या एका वर्गात तीन प्रकारचे आवाज बसलेले असतात : मुलींचा उंच आवाज, पूर्ण फुटलेला खालचा आवाज आणि मधेच अडकलेला आवाज. ‘बेसूर’ हा शिक्का सर्वात जास्त बसतो तो या तिसऱ्या गटावर.

पट्टी चुकते म्हणजे काय होतं?

पेटीवर ज्या स्वराला ‘सा’ मानून गाणं सुरू होतं, ती त्या गाण्याची पट्टी. बायकांच्या गळ्याला साधारणपणे काळी चार किंवा काळी पाच सोयीची असते, पुरुषांना काळी एकच्या आसपासची.

आता राष्ट्रगीत घ्या. त्याच्या चालीचा पल्ला साधारण एका सप्तकाएवढा आहे. ते काळी चारमध्ये धरलं, तर मुली आरामात गातात. नुकताच आवाज फुटलेल्या मुलाला मात्र वरचा ‘सा’ गाठता येत नाही. तो एक सप्तक खाली उतरला, तर खालचा ‘सा’ इतका खोल जातो की तोही लागत नाही. वर भिंत, खाली खड्डा! मग तो मिळेल तो स्वर धरतो. ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटतो, पण खरं तर त्याला गायला जागाच दिलेली नसते.

राज्यगीताची अडचण आणखी वेगळी आहे. ‘जय जय महाराष्ट्र माझा, गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं गीत. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचं राज्यगीत आहे आणि शाळेच्या परिपाठातही त्याला स्थान मिळालं. शाळेत ते ध्वनिमुद्रण लावून म्हटलं जात असेल, तर पट्टी मुद्रणाचीच राहते. शाहिरी गायकी मुळात उंच आणि खड्या आवाजाची. त्या आवाजामागे धावताना वर्ग ओरडू लागतो.

मग शिक्षकांनी काय करायचं?

पहिलं काम पट्टी बदलण्याचं. मुलं-मुली एकत्र असतील आणि गाण्याचा पल्ला एका सप्तकाचा असेल, तर काळी एक किंवा पांढरी दोन धरून पाहता येते. मुली मधल्या सप्तकात गातात, आवाज फुटलेली मुलं खालच्या सप्तकात. दोघांचा ‘सा’ एकच राहतो आणि गळा कुणाचाच ताणला जात नाही.

मधे अडकलेल्या मुलांना तरीही सगळी चाल झेपणार नाही. राष्ट्रगीतात अर्थातच बदल करायचा नाही; तिथे ही मुलं झेपेल तेवढा भाग हळू आवाजात गाऊ शकतात. पण इतर गाण्यांत त्यांना वेगळं काम देता येतं. ध्रुवपदाचा त्यांच्या टप्प्यातला भाग द्यायचा, किंवा तानपुऱ्यासारखा ‘प’ आणि वरचा ‘सा’ धरून ठेवायला सांगायचा. काळी एकच्या पट्टीत हे दोन्ही स्वर त्यांना सहसा सापडतात. गाण्यालाही त्याने भरीव आधार मिळतो.

दुसरं, आवाज तपासायचा तो चार-पाच जणांच्या गटात. एकेकाला वर्गासमोर उभं केलं की भीतीनेच आवाज अडतो. वरून खाली ‘आ’कार घसरवायला सांगितला की कोण कुठपर्यंत जातो ते कळतं. दर दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी लागते.

तिसरं, श्वास. ओळ लांब असेल तर सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की गाणं तुटतं. शेजारच्याने घेतला की आपण घ्यायचा नाही, अशी पाळी लावली तर ओळ अखंड राहते. आणि चौथं, स्थिर सुराच्या मुलाशेजारी डळमळणाऱ्याला उभं करायचं. कान तिथेच तयार होतो. जन्मतःच सुरांतला फरक न कळणारे लोक असतात, पण ते फारच थोडे.

महाराष्ट्रात याची परंपरा आहे का?

आहे, आणि ती शाळेतही होती. संगीतकार वसंत देसाई यांनी ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एकत्र गायला शिकवलं. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या ज्या दोन प्रार्थना देशभरच्या शाळांत आजही म्हटल्या जातात, त्या दोन्हींच्या चाली त्यांच्याच. त्यातली ‘गुड्डी’मधली प्रार्थना तर चित्रपटातही शाळेच्या परिपाठात आहे.

राष्ट्रीय पातळीवर संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी असंच काम केलं. मद्रास यूथ कॉयर उभं करणाऱ्या श्रीनिवासन यांचा एनसीईआरटीच्या सामूहिक गायन कार्यक्रमात मोठा वाटा होता. त्यात भर होता शिक्षकांना तयार करण्यावर. कारण गायकवृंद एकदा बसवून भागत नाही, दरवर्षी नवी मुलं येतात.

पिंपरी-चिंचवडला तर समूहगानाची याहून जुनी शाळा अगदी दारात आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते. वारकरी भजनात एक जण चाल सांगतो आणि टाळकऱ्यांच्या दोन ओळी ती उचलतात. नवखा पोरगा रांगेत उभा राहून आधी टाळ शिकतो, मग ध्रुवपद, मग अभंग. त्याला कुणी ‘आवाज काढू नकोस’ म्हणत नाही. आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिथे हे शिक्षण पद्धतशीरपणे दिलं जातं. आधी सोपा वाटा देऊन सामावून घ्यायचं आणि मग वाढवायचं, ही रीत शाळेला उचलता येण्यासारखी आहे.

उद्योगनगरीत याचं वेगळं महत्त्व काय?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, पुढे एमआयडीसी आणि वाहन उद्योग आला, नंतर चाकणचा पट्टा वाढला. कामासाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार अशा सगळीकडून कुटुंबं आली. त्यामुळे एकाच वर्गात घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं असतात.

समूहगानात उच्चार एक झाल्याशिवाय आवाज एक होत नाही. ‘माझा’मधला ‘झ’ हिंदी बोलणारा मुलगा ‘झाड’सारखा नाही, तर ‘झेंडा’सारखा म्हणतो. ‘ळ’ त्याच्या रोजच्या बोलण्यात नसतो. वर्गात एकट्याला वाचायला लावलं की अशा मुलाची चेष्टा होऊ शकते. गाण्यात तोच उच्चार चाळीस जणांबरोबर, तालात, दहा वेळा घोटला जातो आणि कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये १८ वर्षांच्या १५ जणांना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या ओळींनुसार श्वास जुळले, तसा ठोक्यांचा वेग एकत्र वरखाली होऊ लागला. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना प्रौढांच्या वर्गांत दिसलं, की गाणं शिकणारे अनोळखी लोक हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा लवकर जवळ आले. नव्या शहरात, नव्या शाळेत आलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही.

मग अडतं कुठे?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरहून जास्त असेल तर, कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. पण आवाज फुटण्याचा काळ नववीतही सुरूच असतो आणि ते वर्ग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.

दहावीला शास्त्रीय गायनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. हे चांगलंच आहे, पण त्या परीक्षा एकेकट्याच्या असतात. आंतरशालेय समूहगीत स्पर्धांमध्ये मोजकी मुलं निवडली जातात, म्हणजे जी आधीच सुरात आहेत ती. ज्याला सूर शोधायचा आहे, त्याच्यासाठी उरतो तो फक्त परिपाठ.

परिपाठ मात्र रोज होतो आणि त्याला वेगळा निधी लागत नाही. आठवड्यातून एक दिवस त्यातली दहा मिनिटं ‘मोठ्याने म्हणा’ऐवजी ‘ऐकून म्हणा’ला दिली आणि पेटीवरची पट्टी मुलांच्या गळ्याप्रमाणे हलवली, तर सुरुवात होऊ शकते. आणि घरात आठवी-नववीतला मुलगा गाणं सोडत असेल, तर पालकांनी त्याला एवढं जरूर सांगावं : तुझा आवाज बिघडलेला नाही, तो बदलतो आहे. थोडी खालची पट्टी धर आणि गात राहा.