शेखाडी ते हरिहरेश्वर : रायगड किनाऱ्यावरील सुरक्षेच्या वादाचा मागोवा

श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये, ३ आणि ७ तारखेला, दोन खेपांत आरडीएक्स आणि शस्त्रे उतरवण्यात आली. त्याआधी ९ जानेवारीला दिघी जेट्टीवर चांदीबरोबर शस्त्रांची एक खेप येऊन गेली होती. शेखाडीचा माल वांगणी टॉवरपाशी गाड्यांतल्या चोरकप्प्यांत भरून मुंबईला गेला, आणि १२ मार्चला सुमारे दोन तासांत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली, ७१३ जखमी झाली. रायगडच्या किनाऱ्यावरून पोलीस, कस्टम्स, गुप्तवार्ता यंत्रणा आणि पुढे माध्यमे यांच्या वर्तनावर जो वाद सुरू झाला, त्याचे मूळ या तीन खेपांत आहे.

माहिती नव्हती, असे कोणालाच म्हणता आले नाही. सोन्याचांदीच्या चोरट्या मालाबरोबर स्वयंचलित शस्त्रेही येणार असल्याचा इशारा जानेवारीच्या अखेरीस कस्टम्सच्या वरिष्ठांकडून खाली पोहोचला होता आणि त्यात श्रीवर्धनचा उल्लेख होता. म्हसळ्याकडच्या वाटांवर काही काळ पहारा बसला, तो उठला, आणि त्यानंतर शेखाडीला माल उतरला.

गोंडघर फाट्यावरचा प्रसंग याहून बोलका आहे. दिघीहून निघालेले ट्रक तेथे स्थानिक पोलिसांनी अडवले, म्हणजे गस्त होती आणि माल हाती लागलाही होता. पुढे लाखांत घासाघीस झाली. रोकड जागेवर नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या आणि ट्रक सोडून देण्यात आले. चांदीच्या चोरट्या व्यापाराशी वर्षानुवर्षे जमलेली देवघेव त्या रात्रीही नेहमीच्या रीतीने पार पडली. ट्रकमध्ये आणखी काय आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

स्फोटांच्या दिवशी माध्यमांपुढे वेगळाच पेच होता. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची धग अजून विझलेली नव्हती. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून मुस्लिमबहुल मस्जिद बंदर भागातही स्फोट झाल्याचे सांगितले. तेथे स्फोट झालेला नव्हता. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण हे जाणूनबुजून केले, असे त्यांनी पुढे उघडपणे मान्य केले. दूरदर्शनखेरीज चित्रवाणीवर बातमीचे दुसरे साधन जवळपास नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले. एका असत्याने जीव वाचतात, तेव्हा ते योग्य ठरते का, यावर आजही दोन मते आहेत. मात्र त्या आठवड्यात मुंबईत दंगल उसळली नाही, ही वस्तुस्थिती बाजूला सारता येत नाही.

खटला १९९५ मध्ये सुरू झाला. २००६-०७ मध्ये दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालील विशेष न्यायालयाचे न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी १०० जणांना दोषी ठरवले. त्यांत कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा आणि स्थानिक पोलीसही होते. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी निकाल दिला, तेव्हा कस्टम्स आणि पोलीस यांच्या वर्तनावर कडक शब्दांत बोट ठेवले. वृत्तपत्रे व वाहिन्या मात्र या साऱ्या वर्षांत याच खटल्यातील आरोपी अभिनेता संजय दत्तच्या मागे धावत राहिल्या. किनाऱ्यावरच्या लाचेची चर्चा त्या गर्दीत हरवली. हे त्या काळातल्या पत्रकारितेचे मोठे अपयश होते, कारण समुद्राची वाट कोणी मोकळी करून दिली, हाच प्रश्न पुढच्या हल्ल्याला सर्वांत लागू होता.

किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी १९९३ मध्येच नौदल, तटरक्षक दल, कस्टम्स आणि राज्य पोलीस यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. २००५ पासून सागरी पोलीस ठाण्यांची केंद्रीय योजना आली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रातूनच आले. या वेळी उतरण्याची जागा रायगडऐवजी मुंबईतील बधवार पार्कजवळची मच्छीमार वस्ती होती. १६६ जणांचा बळी गेला.

त्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांना पद सोडावे लागले. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्तेच्या इशाऱ्यांची हाताळणी आणि मुंबईच्या पोलीस आयुक्तांचे नेतृत्व यांवर ठपका ठेवला. समितीने एप्रिल २००९ मध्ये दिलेला अहवाल डिसेंबरपर्यंत विधिमंडळापुढे आला नाही, आणि या विलंबावरच वेगळा वाद झाला. ताज हॉटेल व नरिमन हाउसवरच्या कारवाईचे थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातील सूत्रधार आतल्या दहशतवाद्यांना सूचना देत होते. जिवंत पकडलेल्या दहशतवादी कसाबच्या अपिलाचा निकाल देताना, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे करता येणार नाही, असे बजावले. २०१५ मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. आता कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते.

रायगडच्या वाट्याला त्यानंतर धास्ती आली. काश्मीरमधील उरीच्या लष्करी तळावरील हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, २२ सप्टेंबर २०१६ रोजी, उरणमध्ये शाळकरी मुलांनी सशस्त्र संशयित पाहिल्याचे सांगितले. नौदल आणि पोलिसांनी परिसर पिंजून काढला, शाळा बंद राहिल्या, वाहिन्यांवर रेखाचित्र झळकले. हाती कोणीही लागले नाही. मुलांनी पाहिलेले सांगावे आणि पोलिसांनी ते मनावर घ्यावे, यात काहीच वावगे नव्हते. १९९३ मध्ये नेमके तेच घडले नव्हते.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली आणि दहीहंडीच्या आदल्या दिवशी वाहिन्यांवर हल्ल्याच्या कटाची भाषा सुरू झाली. स्थानिक आमदार आदिती तटकरे यांनी विषय विधानसभेत मांडला. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी सभागृहात सांगितले की, नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची असून इंजिन बिघडल्यावर खलाशांची सुटका झाली होती आणि रिकामी नौका वाहत आली. दहशतवादाचा धागा तूर्त दिसत नाही, असेही ते म्हणाले. सरकारने काही तासांत तपशील दिल्यामुळे अफवांना लवकर आळा बसला. मात्र शस्त्रे असलेली नौका किनाऱ्याला लागेपर्यंत कोणत्याच गस्तीच्या नजरेस कशी पडली नाही, हा प्रश्न त्या उत्तराने सुटला नाही. वाहिन्यांच्या तर्कांना २०१५ चा नियमही लागू होत नव्हता, कारण त्याची मनाई चालू कारवाईच्या थेट प्रक्षेपणापुरतीच आहे.