रोल, सीसीडी आणि ऐकीव रंग

जुन्या कॅमेऱ्यांना पुन्हा भाव आला आहे. आजोबांच्या कपाटातला याशिका नातवंडं हक्काने मागून नेतात. २००४-०५ सालचे जे डिजिटल एसएलआर मधल्या काळात कुणी फुकट दिले तरी नको होते, त्यांनाही आता गिऱ्हाईक आहे. हौशी माणसाचा खिसा बेताचा असतो, त्यामुळे त्याचा प्रश्न सरळ असतो: रोलवर जावं की जुना डिजिटल घ्यावा? उत्तरं मात्र बहुतेक ऐकीव मिळतात. एक जण शपथेवर सांगतो की रोलचे रंग ते रंग. दुसरा म्हणतो, सीसीडी सेन्सरची गोडी आताच्या कॅमेऱ्यांत उरलेली नाही. दोघेही खोटं बोलत नसतात. पण ज्या गोष्टीचं श्रेय ते रोलला किंवा सेन्सरला देतात, ती बऱ्याचदा भलत्यानेच केलेली असते.

‘रोलवर उतरतो तोच खरा रंग’

कलर निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहा. निळं आकाश तपकिरी दिसतं, चेहरे भुतासारखे दिसतात आणि सगळ्यावर एक नारिंगी झाक असते. ही झाक म्हणजे खराबी नव्हे. फिल्ममधली रंगद्रव्यं पूर्ण शुद्ध नसतात आणि जो प्रकाश त्यांनी सोडायला हवा त्यातलाही थोडा शोषून घेतात. त्याची भरपाई म्हणून ही झाक फिल्ममध्येच घातलेली असते. म्हणजे निगेटिव्हमध्ये ‘खरा रंग’ असा कुठे दिसतच नाही. तो उलटा करून, नारिंगी काढून, समतोल साधून तयार करावा लागतो. हे काम लॅबमधला स्कॅनर करतो आणि त्यावर बसलेला माणूस दोन-चार बटणं दाबून चेहरे उजळ करायचे की सावळे ठेवायचे हे ठरवतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये द्या, दोन वेगळे फोटो परत येतील. समाजमाध्यमांवर अमुक रोलचे रंग म्हणून जे मिरवलं जातं, त्यात रोलचा वाटा किती आणि फ्रंटियर किंवा नोरित्सू स्कॅनरचा किती, हे फोटो काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणखी एक गंमत आहे. फुजीने फ्रंटियर हे डिजिटल मिनीलॅब १९९६ साली आणलं. अशा यंत्रात रोल आधी स्कॅन होतो आणि मग ते चित्र लेझरने कागदावर उमटतं. पुढच्या दहा वर्षांत ही यंत्रं सगळीकडे पसरली. तेव्हा २००५ सालचा घरचा लग्नाचा अल्बम काढून ‘बघा, रोलची शान’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यातल्या प्रिंट कदाचित डिजिटलच्याच वाटेने आल्या असतील.

याला अपवाद स्लाइडचा. तिथे उजेडासमोर जे दिसतं तेच चित्र, मधे कुणी नाही. रघुवीर सिंह यांनी रंगीत भारत टिपला तो कोडाक्रोम स्लाइडवर. पण स्लाइड फिल्म चुकीला माफी देत नाही. अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला तरी लगेच कळतं.

मग रोल आणि डिजिटलमध्ये खरा फरक कुठे आहे? तो आहे उजेडाच्या टोकाशी. पालखीच्या वाटेवर भर दुपारचं दृश्य घ्या: पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. डिजिटल सेन्सरचा प्रत्येक ठिपका प्रकाशाने एकदा भरला की भरला. त्यापुढचा तपशील कुठेच नोंदला जात नाही आणि टोपीच्या जागी नुसता कोरा पांढरा डाग येतो. कलर निगेटिव्ह तिथे हळूहळू वळण घेते. कोडॅक पोर्ट्रा ४०० सारख्या फिल्मला दोन स्टॉप जास्त उजेड मिळाला तरी टोपीची शिवण दिसते. उलट सावलीत कमी पडलेला उजेड निगेटिव्हला भरून काढता येत नाही. तिथे काळ्याऐवजी मातकट करडं येतं. म्हणून निगेटिव्हवर काढताना सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवायचं आणि डिजिटलवर काढताना पांढऱ्याकडे पाहून. ज्याला ही एवढी एक गोष्ट समजली, त्याची रोल-डिजिटलची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. जुन्या डिजिटलवर टोपी सांभाळून फोटो रॉ स्वरूपात काढला, तर चेहरा नंतर संगणकावर उजळता येतो. मात्र सहा मेगापिक्सेलच्या जमान्यातल्या सेन्सरवर सावली फार ओढली की रंगीत रवा दिसू लागतो. तो फिल्मच्या ग्रेनसारखा देखणा नसतो, हे कबूल करायला हवं.

‘सीसीडीची सर सीमॉसला नाही’

सीसीडीचा शोध १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. हे इथे सांगायचं कारण असं, की आज ज्याला जादू म्हणतात ते मुळात विजेचा भार एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचं तंत्र होतं. आग विझवायला माणसं ओळीत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा सीसीडीमध्ये प्रत्येक ठिपक्याचा भार शेजाऱ्याकडे सरकत सरकत टोकाला जातो आणि तिथे मोजला जातो. आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांतल्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक ठिपक्यापाशीच मोजणीची सोय असते. दोन्हीकडे प्रकाश पकडणारं द्रव्य सिलिकॉनच. आणि त्या सिलिकॉनला रंग कळत नाही.

रंग येतो तो वर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांच्या जाळीतून. ही जाळी कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सुचवली. तिचं पेटंट १९७६ सालचं आहे. त्या गाळण्यांच्या छटा कशा निवडल्या, इन्फ्रारेड अडवणारी काच कोणती आणि कॅमेऱ्याने जेपेग बनवताना रंगांना कसा मुलामा दिला, यावर त्वचेचा आणि आकाशाचा रंग ठरतो. पुरावाच हवा तर २००५ सालचा कॅनन ५डी घ्या. त्याच्या रंगांचं आजही कौतुक होतं आणि त्याचा सेन्सर सीमॉस आहे. २००९ चा लायका एम९ सीसीडीवाला, त्याचंही कौतुक होतं. कंपन्यांनी तेव्हा रंग जरा भडक आणि चटकदार ठेवले, नंतर ते मवाळ झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आणि छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी पार्टीत काढलेल्या ज्या फोटोंवर तरुण मंडळी फिदा आहेत, त्यांची किमया बरीचशी थेट तोंडावर मारलेल्या फ्लॅशची आहे. उरलेली करामत नखाएवढ्या सेन्सरची आणि दणकून केलेल्या शार्पनिंगची.

सीसीडीचा एक खरा फायदा मात्र कुणी सांगत नाही. निकॉनचे डी७०, डी५० आणि डी४० हे सहा मेगापिक्सेलचे कॅमेरे फ्लॅशसोबत सेकंदाच्या १/५०० पर्यंत शटर चालवतात. बहुतेक एसएलआर १/२०० किंवा १/२५० ला थांबतात. भर उन्हात चेहऱ्यावर फ्लॅशचा हलका उजेड देऊन पोर्ट्रेट काढायचं असेल तर हा फरक मोठा आहे. सीसीडी घ्यायचा तर यासाठी घ्या.

‘सहा मेगापिक्सेल म्हणजे खेळणं’

डी४० चं चित्र ३००८ गुणिले २००० ठिपक्यांचं असतं. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्याची जवळपास १० बाय साडेसहा इंचांची उत्तम प्रिंट निघते. फुल एचडी पडद्याला फक्त दोन मेगापिक्सेल लागतात. लॅब रोलचा जो नेहमीचा स्कॅन देते, तोही बहुतेकदा सहा मेगापिक्सेलच्याच घरातला असतो. विषय संपला.

‘कॅमेरा घरचाच आहे, रोल स्वस्तात पडेल’

इथे कागद-पेन्सिल घ्या. समजा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून १,५०० रुपये पडले. ३६ फोटोंना भागलं तर प्रत्येक क्लिक ४२ रुपयांची. महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला ३६,०००. तुमच्या गावातले भाव घालून हाच हिशोब करा. सहा-दहा मेगापिक्सेलचा वापरलेला एसएलआर लेन्ससकट याच्या कितीतरी खाली येतो आणि पुढची क्लिक फुकट.

घरचा कॅमेराही तसाच वापरता येईलच असं नाही. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज वर्षांनुवर्षांत चिकट होऊन विरतो आणि तिथून उजेड आत शिरतो. काही जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते. त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. १.५ व्होल्टची बॅटरी घातली तर मीटर चालतो, पण अनेकदा जास्त उजेड दाखवतो आणि सगळे फोटो अंधारे येतात. पेंटॅक्स के१००० मध्ये मीटरखेरीज कशालाच बॅटरी लागत नाही, म्हणून तो अजून चालतो.

खर्च खरोखर उतरतो तो कृष्णधवलमध्ये, तेही घरी धुतलं तर. १०० फुटी रोल आणून डब्या भरल्या तर त्यात ३६ फोटोंचे साधारण १८ रोल होतात. अडचण हवामानाची आहे. डेव्हलपरचं कोष्टक २० अंश सेल्सिअसवर मांडलेलं असतं आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिल-मे महिन्यात ३० च्या वर जातं. मग बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या बुडवून ठेवाव्या लागतात. कलरच्या सी-४१ प्रक्रियेला ३७.८ अंश लागतात आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. आपल्याकडे ते जमवणं उलट सोपं जातं.

‘रोल शिस्त लावतो’

लावत असेल, पण शिकवत नाही. शिकायला चूक लगेच दिसावी लागते. रोलचा निकाल आठवड्याने येतो, तोवर छिद्र किती ठेवलं होतं हे कोण लक्षात ठेवणार? जुना डिजिटल प्रत्येक फोटोसोबत शटर, छिद्र, आयएसओ लिहून ठेवतो. नवशिक्यासाठी माझं मत सरळ डिजिटलच्या बाजूने आहे. ज्यांना रोल भरताना, रिवाइंड करताना, लाल दिव्याखाली प्रिंट उमटताना आनंद मिळतो, त्यांनी आनंदासाठी रोल वापरावा. ते कारण पुरेसं आहे, त्याला शिस्तीचा टेकू नको.

‘निगेटिव्ह टिकते, डिजिटल उडून जातं’

नीट फिक्स केलेली आणि भरपूर धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह खरंच टिकते, कारण तिच्यात चित्र धातूच्या चांदीचं असतं. कलरमध्ये असतात रंगद्रव्यं आणि ती फिकी पडतात. शिवाय फिल्मचा ॲसिटेट पाया दमट हवेत कुजायला लागला की डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत बुरशी लेन्सवरही चढते आणि निगेटिव्हवरही. तिथे रोल-डिजिटल असा भेदभाव नाही. बंद डबा आणि निळी सिलिका जेल ही दोघांचीही गरज.

डिजिटलचं म्हणाल तर २००४ मध्ये सीडीवर भरलेले फोटो आज उघडतात का, ते आधी पाहा. उघडले तर आजच त्यांची दोन ठिकाणी नक्कल करून ठेवा.

आणि रोल मेला, असं म्हणणाऱ्यांसाठी: कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, तरी रॉचेस्टरमध्ये फिल्म अजून बनते. एक्टाक्रोम २०१८ साली परत आली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला. मात्र मेलं ते मेलं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आता निघत नाही. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि तो रंगीत धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती. तिने २०१० च्या अखेरीस ते काम बंद केलं. ट्रंकेत न धुतलेला कोडाक्रोम सापडला तर आता त्याचे फार तर कृष्णधवल फोटो निघतील.

घ्यायचाच असेल तर

जुन्या डिजिटलची दुखणी ठरलेली आहेत आणि पैसे देण्याआधी ती पाहता येतात. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले सीसीडी उष्ण-दमट हवेत बिघडत. २००५ साली कित्येक कंपन्यांना ते फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. ती सोय आता नाही, तेव्हा त्या काळातला कॅमेरा चालू करून पडदा जांभळा किंवा रेघारेघांचा दिसतो का ते बघा. लायका एम९ च्या सेन्सरची काच गंजण्याचा दोष माहीत नसताना त्यासाठी मोठी रक्कम मोजू नका. डी४० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या जुन्या एएफ लेन्सना त्यावर हाताने फोकस करावं लागतं. डी७० ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं. खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, ते टॉर्च मारून पाहा. २००६ पूर्वीचे एसडी कार्डवाले बहुतेक कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखत नाहीत, म्हणून सोबत एक लहान कार्ड न्या. छिद्र एफ १६ वर ठेवून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. सेन्सरवरचे डाग, ओरखडे तिथे लपत नाहीत.

रोल घेऊन विमानाने जाणार असाल तर न धुतलेला रोल सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नका. हातातल्या पिशवीत ठेवा आणि तो हाताने तपासण्याची विनंती करा, कारण नवी सीटी स्कॅनर यंत्रं कमी आयएसओच्या फिल्मलाही खराब करतात. आणि जुना डिजिटल बॅटरी, चार्जरशिवाय विकायला काढलेला असेल, तर विकणारा काहीही म्हणो, कॅमेरा चालू झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.