भाकरीविना रस्सा

कोल्हापुरात राहून भाकरी सोडायची म्हणजे पंचगंगेत उतरून कोरडं राहायचं! तरी गेल्या वर्षी मी ती सोडली. रक्तातली साखर वाढली होती, पोट सुटलं होतं आणि पुण्याचा भाचा सांगून गेला होता, "मामा, तूप खा, मटण खा, फक्त भाकरी-भात बंद." पथ्यात मटण! कोल्हापूरकराला आणखी काय हवं?

पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो आणि डोळे उघडले. या आहारात पिष्ट आणि साखर मिळून दिवसाला जेमतेम २० ते ५० ग्रॅम. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एक भाकरी खाल्ली की दिवस संपला! मिसळीचा पाव गेला, गूळ गेला. गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या पाव लिटर दुधातही बारा-तेरा ग्रॅम साखर. मटणसुद्धा बेतानंच, कारण उष्मांकांपैकी सत्तर टक्के किंवा जास्त वाटा तेल-तुपाचा. १८०० उष्मांक धरले तर रोज १४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. पांढऱ्या रश्श्यातलं खोबरं चालेल, पण नुसता रस्सा किती दिवस पिणार?

आमच्या ऐंशीच्या पुढच्या आईला हे काही पटेना. "भाकरीबिगर जेवलास म्हंजे उपाशीच की रं," ती रोज म्हणायची. घरात दोन चुली मांडल्यासारखं झालं.

पहिल्या आठवड्यात तीन किलो वजन उतरलं. मी खूश! पुढे कळलं, त्यात बरंचसं पाणीच होतं. यकृत-स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, तेव्हा त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. डोकं दुखणं, पायात गोळे येणं हे त्यामुळेच.

आठव्या दिवशी रंकाळ्यावर फिरताना दरदरून घाम सुटला, हात थरथरले. टपरीवाल्यानं साखर घोळून पाजली, म्हणून सावरलो. चूक माझीच. डॉक्टरांना न विचारता भाकरी बंद केली, पण साखरेच्या गोळ्या पूर्वीच्याच मापानं चालू! डॉक्टर रागावले. इन्सुलिन वा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी धोक्याइतकी उतरते. काही नव्या औषधांनी तर रक्तात आम्ल साचू शकतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी परस्पर हा प्रयोग करूच नये.

मुळात हा आहार औषध म्हणूनच आला. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचवला. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स येणाऱ्या मुलांना आजही तो ग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. वजन उतरवण्यासाठी १९७२ मध्ये डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकानं असा आहार गाजवला.

"आपले पैलवान तूप खायचेच की," असं कुणी म्हणेल. खायचे, पण सोबत दूध-भाकरीही आणि वर शेकडो जोर-बैठका. राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात उतरणाऱ्याचा खुराक खुर्चीत बसणाऱ्याला कसा पचावा?

आता मी मधला रस्ता धरलाय. डॉक्टरांच्या सल्ल्यानं जेवणाला एक भाकरी, भरपूर भाजी, गूळ-साखर बंद, रोज रंकाळ्याची फेरी. साखर आटोक्यात आहे. आईही खूश आहे. एकच भाकरी म्हणून ती चांगली परातभर थापते. म्हणून हल्ली पीठ मीच मोजून देतो!