रहस्यकथा वाचा, पण संशयिताच्या बाजूने!

परवा एका कार्यकर्त्याच्या घरी गेलो होतो. कपाटात चरित्रे आणि वैचारिक ग्रंथ ओळीने लावलेले. पाहून अभिमान वाटला. तेवढ्यात त्याने दहावीतल्या मुलीच्या उशीखालून एक रहस्यकथा ओढून काढली आणि म्हणाला, "वकीलसाहेब, हिला जरा समजवा. हा कचरा वाचून काय मिळणार?" मी तिथेच मुलीचे वकीलपत्र घेतले. तोच युक्तिवाद वाचकांपुढे मांडतो.

माझे अवांतर वाचन काकांच्या ट्रंकेतून सुरू झाले. त्यात बाबूराव अर्नाळकरांचे 'झुंजार' आणि 'काळापहाड' होते. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला साहित्याच्या दरबारात मानाचे पान मिळाले नाही. परंतु ज्या घरात पुस्तक म्हणजे फक्त शाळेचे पुस्तक, त्या घरातही त्यांनी वाचनाची गोडी लावली. पुराव्याचा कायदा शिकण्याच्या कितीतरी आधी मी या कथांतून एक प्रश्न शिकलो : हे याने पाहिले कसे?

पुढे तोच प्रश्न कोर्टात कामाला आला. एका चोरीच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला, रात्री 11 वाजता साठ फुटांवरून आरोपीला ओळखले. आरोपी कोण? पारधी वस्तीवरचा पोरगा. मी उलटतपासणीत विचारले, त्या रात्री गावात वीज होती काय? नव्हती. पोरगा सुटला, पण तोवर त्याचे सात महिने तुरुंगात गेले होते. हा साधा प्रश्न तपासात कोणालाच का सुचला नाही? कारण तपास सुरू होण्याआधीच गुन्हेगार ठरला होता.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज एडलजी नावाचा वकील होता. वडील मूळचे मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती होऊन ग्रेट वर्ली गावचे धर्मगुरू झाले. 1903 साली तेथे रात्री जनावरांना जखमी करण्याचे प्रकार घडले आणि एका घोड्याच्या प्रकरणात एडलजीला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी सुटल्यावर त्याने शेरलॉक होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉयल यांच्याकडे दाद मागितली. डॉयल भेटायला आले, तेव्हा एडलजी वर्तमानपत्र डोळ्यांजवळ तिरपे धरून वाचत होता. ज्याला इतके कमी दिसते, तो अंधाऱ्या रात्री रूळ आणि कुंपणे ओलांडून त्या शेतात गेला कसा? डॉयल यांनी 1907 मध्ये हा प्रश्न वर्तमानपत्रातून विचारला. त्याच वर्षी एडलजीला माफी मिळाली, भरपाई मात्र नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय 1907 सालीच स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचाही रेटा होता. ज्युलियन बार्न्स यांची 'आर्थर अँड जॉर्ज' (2005) ही कादंबरी याच खटल्यावर आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी.

मात्र डोळे मिटून वाचू नका. याच डॉयल यांनी 1890 च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये अंदमानचा आदिवासी निव्वळ क्रूर रानटी म्हणून रंगवला आहे. कित्येक रहस्यकथांत नोकर, भटका, काळ्या रंगाचा माणूस पहिल्या पानापासून संशयित असतो. तेथे लेखकाचीच उलटतपासणी घ्या.

मग गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगणारी पुस्तके शोधा. वॉल्टर मोझ्ली यांची 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' (1990) वाचा. तिचा नायक ईझी रॉलिन्स हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला कृष्णवर्णीय कामगार आहे. 1948 च्या लॉस एंजेलिसमध्ये नोकरी गेलेली, घराचा हप्ता थकलेला, म्हणून तो एका बेपत्ता बाईचा शोध घेण्याचे काम पत्करतो. पोलीस त्याच्या मदतीला येत नाहीत, त्यालाच उचलून नेतात. एवढे असूनही कथा इतकी वेगवान की रात्र कधी सरली ते कळत नाही.

आणि आपल्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (1959)! ती रहस्यकथा नव्हे, पण तिचा थरार कोणत्या पुस्तकाहून कमी आहे? इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. ज्याला सरकारने दरोडेखोर म्हटले, तो उपाशी माणसांसाठी का लुटतो, हे अण्णा भाऊंनी त्याच्या बाजूने सांगितले. लोकांनी ती कादंबरी डोक्यावर घेतली. लोकप्रिय म्हणजे हलके, हा समज त्यांनी केव्हाच खोटा ठरवला आहे.

म्हणून विनंती एवढीच, की आपल्या वाचनालयात वैचारिक ग्रंथांच्या शेजारी एक फळी या पुस्तकांसाठी ठेवा. आज उशीखाली रहस्यकथा लपवणारी मुलगी उद्या एखाद्या निरपराधासाठी कोर्टात उभी राहून विचारेल, "त्या रात्री वीज होती काय?" त्या बापाने पुस्तक मुलीला परत दिले. 'फकिरा' मी पाठवून देतो आहे.