शेळी पाला खाते, म्हणून घर जेवतं

राजूरचा गणपती सगळ्यांना ठाऊक आहे. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या दिवशी मात्र भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात कुणी फिरलं, तर बांधाबांधाने, नाल्याकाठाने शेळ्या वळणाऱ्या बायका दिसतील. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी याच भागात झाली. शेळ्यांना लसी टोचत घरोघर हिंडताना एक गोष्ट मनात पक्की बसली. दारात जनावर आहे म्हणून घरातली भूक मिटेलच असं नाही. ते जनावर काय खातं आणि ते कुणाच्या मालकीचं आहे, यावर सगळं ठरतं.

आधी खाण्याचं बघू. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी काळीभोर, काटक आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. बोरी-बाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीचं भुसकट यावर ती जगते. यातलं काहीही माणसाच्या ताटात येत नाही. म्हणजे माणसाचा घास न हिरावता ती दूध देते, करडं देते, लेंडीखत देते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी २०१७ साली मांडलेल्या हिशोबानुसार जगातल्या जनावरांच्या खाद्यापैकी ८६ टक्के खाद्य माणसाला खाता येत नाही. मात्र जगात पिकणाऱ्या धान्याचा सुमारे एक तृतीयांश वाटाही जनावरांच्याच पोटात जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून ‘पशुपालन गरिबाला तारतं की उपाशी ठेवतं’ या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नाही.

आमच्या शिवारातच हे बघायला मिळतं. पूर्वी इथे ज्वारी असायची. दाणे घरात, कडबा गोठ्यात. एकाच पिकावर माणूस आणि बैल दोघं जगायचे. आता खरिपात मका, सोयाबीन आणि कपाशी दिसते. कोंबड्यांच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो आणि त्याच्या जोडीला सोयाबीनची पेंड. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मक्याला गिऱ्हाईक आहे, पैसा हातात येतो. पण ज्वारी गेली तशी घरची भाकरी गेली आणि कडब्याची गंजीही गेली. मक्याची वैरण जनावरं खातात, तरी तिला कडब्याची सर नाही. शेत पिकतं, पैसा येतो आणि त्याच पैशातून धान्यही विकत घ्यावं लागतं, वैरणही.

याची झळ सगळ्यांत आधी लेकरांना बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. भाकरीने पोट भरतं, पण वाढीला लागणारं लायसिन हे अमिनो आम्ल ज्वारीत कमी असतं आणि ब-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतींतून मिळतच नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. अशा लेकराला रोज एक पेला दूध किंवा एक अंडं मिळालं तरी फरक पडतो.

एका घरी लस टोचून झाली, तेवढ्यात आजीबाई शेळी पिळायला बसल्या. दोन करडं आधी लुचली, मग स्टीलच्या पेल्यात जेमतेम चार बोटं दूध आलं. शेजारी नातू उभा. मी म्हटलं, “आजी, हे उकळून लेकराला द्या.” त्या म्हणाल्या, “चहापुरतंच व्हतंय साहेब. चहा नाय झाला तर सून कामाला कशी जाईल?” त्या घरात शेळी होती, पण ती वाट्याने सांभाळायला घेतलेली. करडं झाली की निम्मी मालकाची. तिला भरडा घालायची ऐपत नाही, म्हणून दूध कमी, आणि जे येतं त्यावर पहिला हक्क कामावर जाणाऱ्यांचा.

दुष्काळात तर हे गणित पुरतं उलटतं. २०१२-१३ साली जालना जिल्हा राज्यात सर्वांत जास्त होरपळलेल्यांपैकी होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, पाण्यासाठी टँकरकडे डोळे लागले. अशा वेळी सगळेच एकदम जनावरं बाजारात आणतात, भाव कोसळतात, आणि नेमकं तेव्हाच धान्य आणि वैरण महागते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात दुष्काळात सापडलेल्या इथिओपियाच्या पशुपालकांबद्दल हेच दाखवलं. त्यांची जनावरं तर मेलीच, शिवाय उरलेल्या जनावरांच्या बदल्यात मिळणारं धान्यही घटलं. तिथल्या अफार लोकांची नदीकाठची चराऊ रानं त्याआधीच कापसासारख्या नगदी पिकांखाली गेली होती. हजारो मैलांवरची ही गोष्ट भोकरदनच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि वेळेवर पीपीआर या साथरोगाची लस टोचली, तर पुष्कळ करडं वाचतात. भूमिहीन बाईसाठी एक करडू मरणं म्हणजे वर्षाची वह्या-पुस्तकं जाणं. पाणलोटाच्या कामात चराईबंदी करायची असेल तर जरूर करा, पण राखलेल्या रानातल्या गवतात ज्याच्याकडे शेत नाही त्याचा वाटा आधी ठरवा. दुष्काळात गाई-बैलांसाठी चारा येतो, तेव्हा शेळ्यांचाही विचार व्हावा. सरकारी अनुदानाच्या शेळ्या बाईच्या नावावर द्याव्यात. ज्वारीला असा भाव मिळावा की ती पेरणं शेतकऱ्याला परवडेल.

आणि शाळेतलं अंडं परत द्यावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. ज्या गावात आईबाप चार बोटं दूध चहात वाटून घेतात, तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? आमच्या शेतातला मका खाऊन कोंबडी अंडं घालते. ते अंडं आमच्याच लेकरांना आठवड्यातून एकदा मिळावं, एवढी मागणी मुळीच जास्त नाही.